नायजेरियन शेजाऱ्यावर कथा कशी लिहावी : हिंजवडीकरांसाठी पहिले धडे

ज्यांना यंदा दिवाळी अंकासाठी कथा लिहायचीच आहे, अशा हिंजवडी, माण, मारुंजी आणि वाकड परिसरातल्या मंडळींसाठी हे टिपण आहे. अनुभवाची अट नाही. लॅपटॉप असतोच. जून-जुलैत एकदा जोराचा पाऊस झाला, आयटी पार्कातल्या फेज दोनच्या रस्त्याचा ओढा झाला आणि घरूनच काम करा असा मेल आला की वेळही असतो. राहता राहिला विषय.

विषय स्थलांतराचाच घ्या, मागणी आहे. पण न्यू जर्सीतला मुलगा घेऊ नका. कोथरूडला आई, एडिसनला मुलगा, रात्री साडेनऊचा व्हिडिओ कॉल, सुटकेसमधली बाकरवडी आणि शेवटी न मिळालेलं विमान, ही कथा मी एका अंकासाठी आलेली हस्तलिखितं चाळू लागल्यापासून दर वर्षी वाचतो. आईचं नाव बदलतं. विमान कधीच मिळत नाही.

तेव्हा गेलेल्यांना सोडा, आलेल्यांकडे वळा. झारखंडचा सेंट्रिंगवाला चालला असता, पण तो तुमच्या इमारतीत राहत नाही. इमारत बांधून पुढच्या साइटवर जातो. त्याच्यावर लिहायचं तर पत्र्याच्या खोल्यांपर्यंत चिखलातून चालत जावं लागेल. त्यामानानं बी विंगमध्ये चौथ्या मजल्यावर येऊन-जाऊन असणारा नायजेरियन विद्यार्थी सोयीचा. लिफ्टमध्येच भेटतो.

साहित्य : एक नायजेरियन (लिफ्टमध्ये दोनदा पाहिलेला पुरे), एक बाल्कनी, एक प्रेमळ आजी, एक संशयी सेक्रेटरी, सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप. नायजेरियनाशी बोलू नका. बोललात तर तो 'तुमच्याकडून पार्किंगचे किती घेतात?' असं काहीतरी विचारतो आणि पात्रातली सगळी गूढता निघून जाते.

नाव

नवशिके त्याला हमखास जॉन म्हणतात. थोडंफार वाचलेले कोफी म्हणतात. कोफी हे घानातलं नाव, शुक्रवारी जन्मलेल्या मुलाचं. कोफी अन्नान कुठले होते हे आठवलं तरी ही चूक टळेल. नायजेरियात विसाहून जास्त कोटी माणसं आहेत, भाषा पाचशेच्या आसपास, आणि राज्यं ३६, म्हणजे आपल्याकडे जिल्हे आहेत तेवढी. लागोसचा योरुबा आणि एनुगूचा इग्बो यांना एकाच 'आफ्रिकन' खोक्यात टाकायच्या आधी सांगलीच्या एखाद्या माणसाला 'तुम्ही यूपीकडचे ना?' असं विचारून पाहा, आणि मग लिहायला बसा.

इग्बो घेतलात तर चिनेडू किंवा एमेका, योरुबा असेल तर तुंडे, उत्तरेकडच्या कानो शहरातला हौसा मुसलमान असेल तर मूसा. (मूसा घेणार असाल तर जपून. कानोत हिंदी सिनेमे कित्येक दशकं चालत आलेत, त्यांच्या चालींवर हौसा गाणी रचली जातात, आणि 'मदर इंडिया' त्याच्या घरातल्या बायकांना तुमच्यापेक्षा जास्त पाठ असण्याची शक्यता आहे.) मला विचाराल तर योरुबा जुळ्यांपैकी एक घ्या. त्यांची नावं ठरलेली असतात. आधी जन्मतो तो तायवो, मागून येतो तो केहिंदे. तरी मोठा मानतात केहिंदेला. जग कसं आहे ते बघून ये म्हणून त्यानंच तायवोला पुढं धाडलं, अशी समजूत. दोघांतला एक हिंजवडीला आणि एक लागोसला ठेवा. इकडं कोण आला एवढं नीट ठरवलंत तरी अर्धी कथा हातात आली. आपण तायवो आला असं धरू.

तो आला कशाला

हे पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकायची घाई होते, आणि मग यादवी, दुष्काळ, उपासमार यांपैकी जे हाताला लागेल ते उचललं जातं. यादवी म्हणाल तर बियाफ्राचं युद्ध जानेवारी १९७० मध्ये संपलं. तायवोचे आजोबा त्यात होते असं दाखवता येईल, तायवोला मात्र संगणकशास्त्राची पदवी हवी आहे. त्याची आई शाळेत मुख्याध्यापिका आहे आणि आल्या-गेल्याला मुलाची मार्कशीट दाखवते. तिनं घातलेला चार वर्षांचा हिशेब जून २०२३ मध्ये कोलमडला. नव्या सरकारनं नायरा या तिथल्या चलनाचा भाव बाजारावर सोडला; तोवर डॉलरला अधिकृत भाव साडेचारशेच्या वर थोडा होता, पुढच्या वर्षी तो दीड हजाराच्या घरात गेला. फी डॉलरच्या हिशेबानं, आईचा पगार नायरात. कथेला खलनायक हवाच असेल तर हा घ्या. याला चेहरा नाही, संवाद नाहीत, पण रोज सकाळी मोबाइलवर हजर. नवशिक्यांना हा झेपत नाही, म्हणून ते सेक्रेटरीवर भागवतात.

मग इथंच का आला? लंडन आणि टोरांटो परवडलं नाही म्हणून. हे उत्तर आपल्याला जरा झोंबतं. झोंबलं तर मार्च महिन्यात, एच-वन-बीची सोडत निघते त्या आठवड्यात, फेज तीनच्या कुठल्याही कॅन्टीनमध्ये जाऊन बसा आणि तिथली तोंडं बघा. अमेरिकेची दुसरी सोडत, थेट ग्रीन कार्डाची, भारतीयांना खुली नाही. नायजेरियनांना ती २०१५ च्या फेरीपासून बंद झाली. तायवो आणि त्याच्या वरच्या मजल्यावरचा जावा डेव्हलपर हे एकाच बंद खिडकीसमोरचे दोघे आहेत, फक्त दुसऱ्याला ते माहीत नाही.

पुण्याला हे पात्र तसं जुनं आहे. फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या शां. ब. मुजुमदारांना वसतिगृहात काविळीनं आजारी पडलेला मॉरिशसचा विद्यार्थी दिसला. त्याला खिडकीतून खाणं दिलं जात होतं. परदेशी मुलांचे हे हाल बघून त्यांनी १९७१ मध्ये सिंबायोसिस सुरू केली. खिडकीतून दिलेलं ते जेवण तुमच्या कथेत वापरू नका. त्यावर आधीच एक विद्यापीठ उभं आहे.

भाड्याचं घर

इथं हात आखडू नका, निदान तीन पानं द्या.

तायवोचं इंग्रजी शाळामास्तरणीच्या घरातलं, स्वच्छ. फोनवर एजंट त्याला 'सर' म्हणतो. वन बीएचके, सेमी-फर्निश्ड, लक्ष्मी चौकापासून पाच मिनिटं. (दिवसाच्या कोणत्या वेळी पाच मिनिटं, हे एजंट सांगत नाही, तुम्हीही सांगू नका.) चार वाजता गेटवर भेटायचं ठरतं. चारला एजंट स्कूटरवर येतो, गेटपाशी उभ्या माणसाकडे बघतो, आणि हेल्मेट न काढताच फोन कानाला लावायला जातो. फोन वाजलेला नसतो. हेल्मेटच्या कडेतून तो आत सरकवता सरकवता म्हणतो, 'काय सांगता? आत्ताच टोकन दिलं? अरेरे.' मग तायवोकडे वळून, 'सॉरी सर, जस्ट नाऊ गेला फ्लॅट.' प्रसंग एवढाच लिहा. हेल्मेटमध्ये फोन घुसवायची धडपड मात्र गाळू नका.

यानंतर 'तायवोच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं' असं लिहावंसं वाटेल. येत नाही पाणी. त्या आठवड्यातला हा पहिला एजंट नव्हे. तो गेटवरच्या वॉचमनला विचारतो, इथं जवळपास झेरॉक्स कुठं मिळेल.

फ्लॅटचा मालक कोण, हेही बघा. तो ऑस्टिनला असतो. गेला तेव्हा तिथं त्याला घर मिळेना, कारण क्रेडिट स्कोअर नव्हता. माणसाची किंमत आकड्यावरून करतात, अशी लांबलचक पोस्ट त्यानं तेव्हा फेसबुकवर टाकली होती आणि अर्ध्या कोथरूडनं ती उचलून धरली होती. तायवोच्या विचारणेला त्याचं उत्तर टेक्सासहून भल्या पहाटे येतं : 'पर्सनली मला काहीच इश्यू नाही, पण सोसायटीवाले ऐकत नाहीत.' सेक्रेटरींना विचारलं तर ते म्हणतात, 'आम्हाला काय अडचण असणार? मालकांची इच्छा नाही.' ही दोन वाक्यं एकाखाली एक ठेवा आणि हात धुऊन मोकळे व्हा. खाली टीकाटिप्पणी नको.

कागदपत्रं अचूक असू द्या, वाचकांत एखादा वकील असतोच. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स. पोलीस पडताळणी. परदेशी माणूस राहायला आला की चोवीस तासांत घरमालकानं ऑनलाइन कळवायचं, त्याला सगळे वर्षानुवर्षं सी-फॉर्म म्हणत आलेत. आणि सहा महिन्यांहून लांब मुदतीच्या व्हिसावर आलेल्यानं चौदा दिवसांत करायची स्वतःची नोंदणी. नोंदणीला राहत्या पत्त्याचा कागद लागतो, आणि ज्याच्याकडून तो कागद मिळायचा तो मालक म्हणतो, आधी नोंदणी झालेली दाखवा. या ठिकाणी काफ्काचं नाव घ्यायचा मोह आवरा. त्यापेक्षा झेरॉक्सवाल्याला एक संवाद द्या. त्याच्याकडे अशी पोरं रोज येतात, आणि कुठल्या कागदाच्या किती प्रती काढायच्या हे तो न विचारता सांगतो.

शेवटी खोली देतो तो गावातला मालक. बी विंगमध्ये तायवो येतो तो मित्राकडे अभ्यासाला. सोसायटीला वाटतं तो तिथंच राहतो, आणि ग्रुपवर त्यावरून महिनाभर चर्चा चालते. खरा पत्ता गावठाणातला, तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला कठडा नसलेल्या इमारतीत. हा मालक नीट रंगवा. आयटी पार्कच्या जागेवर आधी साखर कारखाना यायचा होता. आपण ती जागा आयटीकडे वळवली, ही हकीकत शरद पवार जाहीर सभांतून सांगत आलेत. संत तुकाराम कारखाना मग कासारसाई-दारुंब्र्याला झाला. म्हणजे जो माणूस ऊस घालणारा सभासद व्हायचा तो भाडं घेणारा मालक झाला. उरलेल्या गुंठ्यांवर त्यानं खोल्या चढवल्या. ओडिया, तमिळ, मणिपुरी, लातूरचे, यवतमाळचे, सगळे बघून झालेत त्याचे. तायवोला तो दोनच गोष्टी सांगतो : भाडं पाच तारखेला, पाणी सकाळी सात ते आठ.

याला मानवतावाद समजून त्याचा पुतळा उभारू नका. शेजारच्या खोलीपेक्षा दीड हजार त्यानं जास्तच लावलेत. पण चैत्री पौर्णिमेला म्हातोबाचं बगाड हिंजवडीतून वाकडकडे निघतं तेव्हा गच्चीवरून भाडेकरूंची गर्दी खाली बघत असते, मोबाइल वर धरून, आणि त्या गर्दीत त्याच्या ओळखीचा एकही माणूस नसतो. कुठंही न जाता परका झालेला माणूस. मराठी कथेत तो माझ्या वाचनात फार आलेला नाही. तायवोवर लिहिता लिहिता तुमची कथा या माणसाकडे सरकू लागली तर अडवू नका.

पोलीस आणू का?

असं हमखास विचारतात. मराठी वर्तमानपत्रात 'नायजेरियन' हा शब्द बहुतेक वेळा ज्या पानावर भेटतो ते गुन्ह्यांचं पान असतं. गुन्हे झालेत, पकडले गेलेत, शिक्षाही झाल्यात; ते खोटं नाही. पण ते पान वाचकाच्या डोक्यात आधीच छापलेलं आहे, पुन्हा छापायला कागद कशाला घालवता? ऑक्टोबर २०१३ मध्ये गोव्यात एका नायजेरियन माणसाचा खून झाला. त्याच्या देशबांधवांनी पर्वरीला महामार्ग अडवला, आणि पुढं जास्त बोललं गेलं ते अडलेल्या महामार्गाबद्दल. एका मंत्र्यानं नायजेरियनांना कर्करोगाची उपमा दिली, मग सारवासारव केली. मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात बारावीतल्या एका मुलाच्या मृत्यूनंतर जमावानं मॉलमध्ये शिरून नायजेरियन विद्यार्थ्यांना मारहाण केली. त्याचं चित्रीकरण देशभर फिरलं. देशाबाहेरही फिरलं; तायवोची आई ते बघून बसली आहे. ती फोनवर 'जेवलास का?' विचारते आणि तो 'बाहेर फारसा जात नाही मी' असं उत्तर देतो. संवाद लिहायचा तर असा.

वास

ग्रुपवर मेसेज पडतो : बी विंगमधून कसला तरी वास येतोय. नवशिका लेखक इथं 'विचित्र', 'उग्र', 'अनोळखी' ही विशेषणं वापरतो. प्रत्यक्षात पातेल्यात भेंडी आणि सुकवलेली मासळी असते. मालवणी शेजाऱ्याला तो वास लहानपणापासून ठाऊक आहे, पण तो ग्रुपवर गप्प राहतो, कारण मागच्या महिन्यातली तक्रार त्याच्याच घराबद्दल होती.

रश्शाबरोबर एबा. कसावाचा कंद किसायचा, आंबवायचा, पोत्यात घालून पिळायचा, मग भाजून त्याचा रवा करायचा, ती गारी. गरम पाण्यात ती ढवळून मळली की गोळा होतो. उजव्या हातानं तुकडा तोडायचा, अंगठ्यानं खळगा करायचा, रश्शात बुडवायचा. प्रेमळ आजी म्हणते, 'काय बाई पिठाचे गोळे गिळतात', आणि एकादशीसाठी साबुदाणा भिजत घालायला उठते. साबुदाणा त्याच कंदाचा. कसावा जगात सगळ्यांत जास्त पिकतो तो नायजेरियात. हे आजीला कथा संपेपर्यंत कळू देऊ नका. कळलं की ती खिचडीचा डबा घेऊन बी विंगला जाणार, आणि मग तुमच्या कथेला 'हृदयस्पर्शी' म्हणण्यापासून कोणी वाचवू शकणार नाही.

वातावरणनिर्मिती

हिंजवडीची वाहतूक बघून परका माणूस थक्क झाला, असं दाखवू नका. तायवो लागोसचा आहे. तिथं रस्ता तुंबला की त्याला गो-स्लो म्हणतात, आणि त्या गो-स्लोमध्ये पाव, केळ्याचे वेफर, थंड पाणी, फोनचा चार्जर, सगळं खिडकीतून हातात मिळतं. शिवाजी चौकात पाऊण तास अडकल्यावर त्याला नवल वाटतं ते एवढंच, की इतकं गिऱ्हाईक जागच्या जागी उभं असताना इथं कोणी काही विकत कसं नाही.

लाइट गेल्याचा प्रसंगही घाला. लागोसमध्ये लाइट आली की गल्लीतली पोरं 'अप नेपा!' म्हणून ओरडतात. नेपा हे तिथलं सरकारी वीजमंडळ. २००५ मध्ये त्याचं नाव बदललं, पुढं तुकडे करून ते विकलंही, ओरडणं तेच राहिलं. आपलं एमएसईबी त्याच २००५ मध्ये महावितरण झालं, आणि मारुंजीत अंधार पडला की अजूनही 'एमएसईबीला फोन लाव रे'.

आणि रिक्षा. आकुर्डीच्या बजाजच्या तीनचाकी नायजेरियात 'केके' नावानं धावतात. त्यांची बॉक्सर मोटरसायकल तिथल्या भाड्यानं माणसं नेणाऱ्या दुचाकीवाल्यांच्या, म्हणजे ओकाडावाल्यांच्या, हाताखाली वर्षानुवर्षं आहे. आपल्याकडून तिकडं गेलेल्यांत एवढं कोणी रुळलेलं नाही. तायवोला वाकडच्या पुलाखाली रिक्षांची रांग दिसते तेव्हा घर आठवतं. रिक्षावाला मीटरनं यायला नाही म्हणतो तेव्हा जास्तच आठवतं.

थोडं वाचन

सगळं वाचायला सांगत नाही. चिमामांडा न्गोझी अडिची यांचा 'द थिंग अराउंड युवर नेक' हा २००९ चा कथासंग्रह मिळवा. त्यात लग्न करून न्यूयॉर्कला आलेल्या एका मुलीची कथा आहे. नवऱ्यानं स्वतःचं नाव डेव्ह करून घेतलंय, तो हिचंही बदलून अगाथा करतो, आणि इमारतीत परदेशी स्वयंपाकाचा वास सुटायला नको म्हणून पाकपुस्तक आणून देतो. वाचताना 'बिचारी' असं तोंडातून निघेल. मग आठवून बघा, आपला संदीप नाइट शिफ्टला 'सँडी' झाला होता, तेही फेज एकच्या बाहेर पाऊल न टाकता. टोपे फोलारिन यांना २०१३ मध्ये आफ्रिकी कथेसाठीचं केन पारितोषिक मिळालं, तर फोलारिन जन्मले अमेरिकेत, कथा घडते टेक्सासमधल्या नायजेरियन चर्चमध्ये. मग हे आफ्रिकी लेखक कसे, यावर बरीच खडाखडी झाली. पुण्यात वाढलेला विदर्भातला लेखक वैदर्भीय की पुणेरी, या आपल्या वादातून निघतं तेवढंच त्यातूनही निष्पन्न झालं.

केनियाच्या बिन्यावांगा वाइनाइना यांनी २००५ मध्ये 'ग्रँटा'त आफ्रिकेवर कसं लिहावं याचे उपरोधिक धडे दिले होते. तेव्हापासून मावळता सूर्य, ढोल आणि उपाशी मूल यांचा भाव उतरलाय. मराठीत ही बातमी अजून पोचायची आहे.

शेवट

गणपतीत तायवो ढोल-ताशा पथकात शिरतो, कंबरेला ढोल बांधतो, सेक्रेटरींचे डोळे पाणावतात, आजी म्हणते 'आपलाच की हो': हा शेवट बाद. गेल्या काही वर्षांत मी तो जपानी, जर्मन आणि एकदा पेरूच्या नायकासह वाचलाय. तायवो मेला, हाही बाद. तायवो परत गेला आणि बाल्कनी रिकामी झाली, हा तर विमान न मिळालेल्या आईचा चुलतभाऊ.

शेवट सुचत नसेल तर खर्डा घेऊन गावठाणात जा. सुरुवातीला लिफ्टमधल्या नायजेरियनाशी बोलू नका म्हटलं होतं, ते रद्द समजा. लेखनमार्गदर्शनात असं चालतं. जिना चढताना भिंतीकडून चढा. त्याला मराठी येत नाही, म्हणजे तुम्हाला पूर्ण कथा इंग्रजीतून तोंडी सांगावी लागेल. सांगता सांगता कुठली तीन पानं तुम्ही आपोआप गाळलीत ते लक्षात ठेवा आणि घरी येऊन ती खरोखरच काढून टाका. तो मध्येच म्हणेल की तायवो असता तर घर मिळाल्यावर आधी आईला नाही, केहिंदेला फोन केला असता. बरोबर आहे त्याचं, बदला. तो म्हणेल की एबाबरोबर भेंडी नको, एगुसी घाल. हे नाही बदललं तरी चालेल, भेंडी वाचकाला कळते.

मग तो विचारेल, याचे पैसे किती मिळतात. आकडा खरा सांगा. नायरात तो जरा बरा दिसतो.